चालत हांकावयाचा ट्रॅक्टर



ट्रॅक्टर म्हटला कीं चार चाकें, वर एक आसन, आणि त्या आसनावर ऐटीनें बसलेला चालक असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आज मी ज्या यंत्राविषयीं बोलणार आहें त्याला चाकें दोनच असतात, आसन मुळींच नसतें, आणि चालकाला बैलांच्या मागून जावें तसें रुमणें धरून त्याच्या मागून पायीं चालावें लागतें. आपल्याकडे त्याला पॉवर टिलर म्हणतात, आणि त्याच्या धाकट्या भावंडाला पॉवर वीडर असें नांव पडलें आहे. हा शेतीचा विषय शहरांतील श्रोत्यांपुढें कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनांत येईल. परंतु हें यंत्र चालतें खेड्यांत आणि त्याची निवड पुष्कळदां होते ती मुंबईंत, पुण्यांत किंवा ठाण्यांत. पैसे भरणारा माणूस शहरांत असतो, म्हणून हें बोलणें त्याच्यासाठीं.

कोकणांतील घराघरांतून हें दृश्य ओळखीचें आहे. आईवडील गांवीं, मुलगे नोकरीला. जमीन एकराची किंवा दीड एकराची. त्यांत चार भातखाचरें, घरामागें नारळीपोफळीचें आगर, आणि वरच्या अंगाला उतारावर आंबा-काजूचीं कलमें. बैलजोडी केव्हांच विकली गेली, कारण वर्षभर खाणारे आणि फार तर दोन महिने राबणारे बैल एवढ्या जमिनीला परवडत नाहींत. ऐन लावणीच्या वेळीं मजूर मिळत नाहीं. मग एखाद्या मे महिन्यांत चाकरमानी मुलगा रजेवर येतो आणि म्हणतो, "बाबा, यंदा यंत्रच घेऊं." पैसा त्याचा, निवडहि त्याची. चार दिवस तो तें मोठ्या हौसेनें चालवतो आणि जून उजाडतांच कामावर परत जातो. मागें उरतात साठी उलटलेले वडील, आई, आणि चारशें किलो वजनाचें एक लोखंडी धूड. पुढच्या वर्षीं यंत्र पडवींत असतें आणि खाचर पड असतें. ही हकीकत मीं एका नव्हे, निदान चार-पांच घरीं पाहिली आहे, आणि त्यांतील एकाहि घरीं यंत्र नादुरुस्त नव्हतें. तें घेणारा एक आणि चालवणारा दुसरा होता, एवढेंच.

यंत्राचे प्रकार कां पडले हें समजण्यासाठीं थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. ऑस्ट्रेलियांत न्यू साउथ वेल्स प्रांतांतील गिलगांड्रा येथें आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नांवाच्या तरुणानें १९१२ सालीं वडिलांच्या शेतावर वाफेच्या इंजिनाची गति फिरत्या पात्यांना देऊन माती उकरून पाहिली. त्याच्या पहिल्या पात्यांनीं माती बाजूला भिरकावली जाई. पुढें त्यानें पात्याला इंग्रजी 'एल्' अक्षरासारखा बाक दिला आणि ती अडचण दूर झाली. आज आपल्या गांवच्या दुकानांत जें पातें सुटें मिळतें तें बहुधा त्याच जातीचें असतें. स्वित्झर्लंडांत कोनराड फॉन मायेनबुर्ग हाहि त्याच काळांत फिरत्या दांत्यांच्या यंत्राच्या मागें लागला होता. अमेरिकेंत बेंजामिन ग्रेव्हली यानें १९१६ सालीं आपल्या 'मोटर प्लाऊ'चें पेटंट घेतलें. इटलींत मिलानजवळ आब्बियातेग्रास्सो येथें १९४३ सालीं निघालेल्या बी. सी. एस्. या कारखान्याचा आरंभ मात्र नांगरापासून झाला नाहीं, गवत कापण्याच्या यंत्रापासून झाला. आणि त्याचा ठसा त्या घराण्याच्या यंत्रांवर अद्यापि दिसतो. तीं अंगानें हलकीं, चपळ, आणि एकाच इंजिनाला निरनिराळीं अवजारें जोडण्याच्या कामीं तरबेज असतात.

जपानचें घराणें निराळें. तेथें दुसऱ्या महायुद्धानंतर हीं यंत्रें झपाट्यानें पसरलीं तीं भाताच्या चिखलांत उतरण्यासाठीं. त्यांचें अंग जड, बहुधा डिझेलवर चालणारें, आणि चिखलणीला घट्ट. भारतांत हीं यंत्रें १९६० नंतरच्या दशकांत आलीं तीं जपानी सहकार्यानेंच. बंगळूरची व्ही. एस्. टी. ही कंपनी १९६७ सालीं मित्सुबिशीच्या साहाय्यानें निघाली. केरळांत अथाणी येथें १९७३ सालीं निघालेल्या सरकारी 'कॅम्को' कंपनीनें कुबोटाची रचना घेतली. म्हणून आपल्याकडे पॉवर टिलर म्हटला कीं डोळ्यांपुढें येतें तें बारा-तेरा अश्वशक्तीचें, चारशें ते पांचशें किलो वजनाचें जपानी घराण्याचें यंत्र. तें उत्तम आहे, पण भातासाठीं. आगरासाठीं आणि कलमांच्या उतारासाठीं तें निर्माणच झालेलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती अश्वशक्तीचें हवें?" माझ्या मतें पहिला प्रश्न असा असावा: याच्या मागून कोण चालणार, आणि किती?

'किती' याचें उत्तर साध्या त्रैराशिकानें काढतां येतें. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. पातीं ६० सेंटीमीटर रुंदीची पट्टी उकरीत असतील तर एक एकर एकदां उकरण्यासाठीं चालकाला पावणेसात किलोमीटर चालावें लागतें. वळणें आणि एकमेकांवर येणाऱ्या कडा धरल्यास साडेसात-आठ. चिखलणीला तीच जमीन दोनदां तरी फिरावी लागते, म्हणजे झाले पंधरा किलोमीटर, तेहि गुडघाभर चिखलांत. पट्टी ३० सेंटीमीटर असेल तर हें सर्व दुप्पट. बैलांच्या नांगराचा तास वीतभराहून कमी असे, त्या हिशेबानें आपले आजे एका एकराला पंचवीस-सत्तावीस किलोमीटर चालत, हें खरें. परंतु ते ज्या वयांत चालत त्या वयाचा माणूस आतां घरांत नाहीं. उलटपक्षीं, पांच गुंठ्यांची भाजीची वाफेवाडी असेल तर ६० सेंटीमीटरच्या पट्टीनें एक किलोमीटरसुद्धां चालणें होत नाहीं. तेथें तेरा अश्वशक्ति म्हणजे वरण ढवळण्यास वल्हें घेण्यासारखें आहे.

हा हिशेब कागदावर एकदां मांडला कीं निम्मी निवड आपोआप होते. वीस गुंठ्यांपर्यंत भाजीपाला आणि परसबाग असेल तर ज्याला चाकें नसून पातींच चाकांच्या जागीं बसवलेलीं असतात तो साठ-सत्तर किलोचा पॉवर वीडर पुरतो. किंबहुना त्याहून मोठें यंत्र तेथें वळवतां येत नाहीं. वीस गुंठ्यांपासून दोन एकरांपर्यंत, आणि जमीन मिश्र असेल तर, म्हणजे थोडें भात, थोडें आगर, थोडा उतार, तर सात ते नऊ अश्वशक्तीचा, पातीं वेगळीं आणि चाकें वेगळीं असलेला, शंभर-दीडशें किलोंचा दोनचाकी ट्रॅक्टर घ्यावा असें माझें मत आहे. निव्वळ भात, तेंहि दोन एकरांहून अधिक, किंवा दुसऱ्यांच्या खाचरांत भाड्यानें काम करण्याचा विचार असेल तर जड जपानी घराण्याला पर्याय नाहीं. देशावरच्या काळ्या जमिनींत हलकें यंत्र उन्हाळ्यांत ढेकळांवर नुसतें उडत राहतें आणि पावसांत चाकांना चिकटलेल्या मातीनें जागीं बसतें. तेथेंहि वजन हवें. आणि पांच एकर सपाट रान असेल तर पायीं चालण्याचा हट्ट सोडून चार चाकांचा लहान ट्रॅक्टर पाहावा.

वीडर आणि दोनचाकी ट्रॅक्टर यांतील भेद दुकानांत पटकन् लक्षांत येत नाहीं, म्हणून जरा थांबून सांगतों. वीडरांत पातीं माती उकरतात आणि तींच यंत्राला पुढें ओढतात. मागें जमिनींत रुतणारा एक गज असतो, तो ब्रेकचें काम करतो. जमीन मऊ असली तर हें छान चालतें. ती कडक असली कीं पातीं आंत शिरण्याऐवजीं पृष्ठभागावरून धांवूं लागतात, आणि यंत्र चालकाला ओढीत नेतें. दोनचाकी ट्रॅक्टरांत चाकें आपल्या संथ गतीनें चालतात आणि पातीं मागें स्वतंत्र वेगानें फिरतात, त्यामुळें यंत्र धांवत सुटत नाहीं. साठी उलटलेल्या माणसाच्या खांद्यांना हा भेद पहिल्या अर्ध्या तासांत कळतो. वजन जास्त असूनहि दोन चाकांचें यंत्र हलकें वाटतें, कारण तें स्वतःचा भार स्वतः वाहतें.

या ट्रॅक्टराच्या पोटांतून इंजिनाची शक्ति बाहेर काढून देणारा एक दांडा असतो. कारागीर त्याला पी. टी. ओ. म्हणतात. त्यालाच फिरतीं पातीं, गवत कापण्याची करवत, पंप, फवारणीचें यंत्र वगैरे जोडतां येतात. कांहीं यंत्रांत रुमणें पुरतें अर्धवर्तुळ फिरवून उलट्या बाजूला आणतां येतें. मग मागचें अवजार पुढें होतें, आणि गवत कापतांना तें आपल्या पायांनीं तुडवलें जाण्याआधीं कापलें जातें. आमच्या उतारावरच्या कलमांना याचा जितका उपयोग आहे तितका दुसऱ्या कशाचा नाहीं.

बहुउपयोगी यंत्र, एकांत दहा कामें, ही जाहिरात सर्वत्र असते. माझ्या एका स्नेह्यांकडे सात अवजारांसह घेतलेलें यंत्र आहे. त्यांपैकीं पांच अवजारांवरचा कारखान्याचा रंग अजून जसाच्या तसा आहे. कारण विचारलें तर म्हणाले, "बदलायला दोन माणसें आणि एक सकाळ लागते." यंत्र बहुउपयोगी आहे कीं नाहीं याचा निवाडा अवजारांच्या संख्येवर न करतां तें बदलण्याच्या वेळावर करावा. दुकानांत मालकाला सांगावें, कीं हें पातें काढून तें करवतीचें अवजार माझ्यासमोर लावा, आणि घड्याळ पाहावें. एका माणसाला दहा-पंधरा मिनिटांत जमत असेल तर तें अवजार घरीं वापरलें जाईल. पहारी, हातोडा आणि शेजारचा पोऱ्या बोलवावा लागत असेल तर तें वापरलें जाणार नाहीं. प्रथम दोनच अवजारें घ्यावींत, एक मातीचें आणि एक गवताचें. तिसऱ्याची निकड वर्षभरांत आपोआप कळते. मात्र यंत्र घेण्यापूर्वींच तिसरें-चौथें अवजार त्याच कंपनीचें, त्याच सांध्याचें, येथें मिळतें ना, आणि त्याची किंमत काय, हें विचारून ठेवावें. इंजिनाची किंमत सगळे विचारतात, अवजारांची फार थोडे विचारतात, आणि फसगत तेथें होते.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय घेतला ती सांगतों. ती आहे उताराची आणि मागें घेण्याची.

आपल्याकडील बहुतेक जड पॉवर टिलरांना मोटारीसारखें डिफरन्शियल नसतें. दोन्ही रुमण्यांखालीं एकेक चाप असतो. डावा दाबला कीं डाव्या चाकाची शक्ति सुटते, उजवें चाक ढकलीत राहतें, आणि यंत्र डावीकडे वळतें. सपाटीवर हें दोन दिवसांत हाताला बसतें. परंतु उतारावरून खालीं येतांना, विशेषतः मागें चिऱ्यांनीं किंवा शेणखतानें भरलेली ट्रॉली असतांना, इंजिन गाडीला ओढीत नसतें, अडवून धरीत असतें. अशा वेळीं डावा चाप दाबला तर डाव्या चाकाची ती अडवणूकच सुटते. तें चाक मोकळें होऊन धांवूं लागतें, उजवें अडलेलें राहतें, आणि यंत्र डावीकडे न वळतां उजवीकडे वळतें. ज्याच्या हाताला सपाटीची सवय झाली आहे तो घाबरून चाप अधिकच घट्ट आंवळतो, आणि गाडी अधिकच वेगानें नको त्या बाजूला जाते. कोकणांतल्या घाटीच्या वाटेवर नको ती बाजू म्हणजे काय, हें सांगावयास नको. म्हणून उतार लागण्यापूर्वींच सर्वांत खालचा गियर घालावा, उतारावर गियर बदलूं नये, चापांना हात लावूं नये, आणि थोडेंफार वळावयाचें तें रुमणें अंगानें रेटून वळावें. ज्यांच्या घरापर्यंतची वाटच अशी आहे त्यांनीं ट्रॉलीचा मोह धरूं नये, किंवा डिफरन्शियल असलेलें यंत्र घ्यावें. मात्र त्या डिफरन्शियलला कुलूप घालण्याची, म्हणजे दोन्ही चाकें एकत्र बांधण्याची सोय असली पाहिजे. नाहीं तर चिखलांत एक चाक जागच्या जागीं फिरत बसतें आणि दुसरें स्वस्थ उभें राहतें.

दुसरी गोष्ट मागें घेण्याची. यंत्र मागें येतें तेव्हां त्याच्या मागें माणूस असतो, आणि त्याच्या पायांशीं पातीं. एकीकडे बांध किंवा माडाचा बुंधा असला तर माणसाला पळावयास जागा राहत नाहीं. चांगल्या यंत्रांत मागचा गियर टाकला कीं पात्यांची शक्ति आपोआप तुटते, किंवा पातीं फिरत असतां मागचा गियर पडतच नाहीं. तसेंच रुमण्यावरचा एक चाप सोडला कीं सबंध यंत्र थांबतें. या दोन गोष्टी नसलेलें यंत्र कितीहि स्वस्त असो, म्हाताऱ्या माणसांच्या घरांत तें आणूं नये, असें मी आग्रहानें सांगेन. दुकानांत याची परीक्षा इंजिन चालू ठेवून घ्यावी. माहितीपत्रकावर विसंबूं नये. आणि घरीं आल्यावर तो थांबण्याचा चाप कोणी सुतळीनें बांधून ठेवलेला नाहीं ना, तें पाहावें. हात दुखतो म्हणून पुष्कळजण तो बांधतात. हात दुखत असेल तर यंत्र बंद करून बसावें, तंबाखू खाणाऱ्यांनीं हवी तर ती खावी, पण सुतळी नको. साडीचा पदर, लुंगीचा सोगा आणि उघडे पाय या तीन गोष्टी फिरत्या पात्यांपासून दूर असाव्यात. पात्यांत गवत गुंडाळलें तर इंजिन पूर्ण बंद केल्याशिवाय हात घालूं नये, क्लच दाबून तर मुळींच नाहीं.

पात्यांनीं जमिनीचें काय होतें याविषयींहि चार शब्द सांगितले पाहिजेत. फिरत्या पात्यांची माती पाहून शहरी माणूस हरखतो, कारण ती पिठासारखी दिसते. भाताच्या खाचरांत तें इष्टच आहे, आणि पात्यांच्या तळाशीं दडपला जाणारा कठीण थरहि तेथें पाणी धरून ठेवण्याच्या उपयोगी पडतो. भाजीच्या वाफ्यांत मात्र तोच थर मुळांना आडवा येतो, आणि पिठासारख्या मातीवर पावसाची एक सर आली कीं वर पापुद्रा धरतो. म्हणून वाफसा पाहूनच यंत्र घालावें, आणि भाजीच्या जमिनींत दरवर्षीं त्याच खोलीवर घालूं नये. लव्हाळ्यानें भरलेल्या रानांत तर विचार करूनच घालावें. पातीं त्याच्या गांठी सोडवून सर्व शेतभर पेरून देतात, आणि पुढील पावसांत दुप्पट लव्हाळा उगवतो. आगरांत माडाचीं आणि पोफळीचीं मुळें वरच्या थरांतच पसरलेलीं असतात. तेथें खोल उकरणें म्हणजे झाडाच्या तोंडांतला घांस काढणें. उतारावरच्या कलमांखालीं जांभ्याची उथळ माती पावसाच्या तोंडावर उकरून ठेवली तर ती पहिल्या आठवड्यांतच खालच्या पऱ्ह्यांत जाते. या दोन्ही ठिकाणीं गवत कापून तेथेंच पसरून द्यावें, माती हलवूं नये. मीं मघाशीं गवताच्या अवजाराचा इतका पाठपुरावा केला तो याच कारणासाठीं. मिश्र जमिनीच्या घरांत यंत्राचे अधिक तास गवतावरच जातात.

डिझेल कीं पेट्रोल, हा वाद पुष्कळ रंगतो. मला त्यांत फारसें तथ्य दिसत नाहीं. डिझेलचें इंजिन जड, खडखडीत, पण चिवट. रोज सहा तास चालवावयाचें असेल तर तेंच घ्यावें. वर्षांतून वीस-पंचवीस दिवस चालणाऱ्या यंत्राला पेट्रोल सोयीचें, कारण तें सुरू करण्यास सोपें आणि हाताला कमी हादरे देतें. हादऱ्यांची गोष्ट क्षुल्लक नव्हे. तासभर रुमणें धरून झाल्यावर बोटांना मुंग्या येत असतील तर तें यंत्र त्या हातांसाठीं नाहीं. म्हणून परीक्षा पांच मिनिटांची नको. जो माणूस जूनमध्यें मागून चालणार आहे त्यालाच, म्हणजे वडिलांना, आईला किंवा घरच्या गड्याला, स्वतःच्या जमिनीवर अर्धा तास चालवूं द्यावें. दोरी ओढून थंड इंजिन सुरू करणें त्यांना जमतें का, खाचराच्या टोकाला यंत्र एकट्यानें वळवतां येतें का, एका खाचरांतून दुसऱ्यांत बांध ओलांडून नेतां येतें का, हें मुलानें बांधावर बसून नुसतें पाहावें. रुमण्याची उंची कमीजास्त करतां येत असेल तर ती चालवणाऱ्याच्या कमरेला बसवून घ्यावी. विक्रेता "आमचा माणूस दाखवील" म्हणेल. त्याचा माणूस पंचवीस वर्षांचा असतो.

कोणतें यंत्र कोणत्या कंपनीचें, हें मी सांगणार नाहीं. पण शोधण्याची वाट सांगतों. मध्य प्रदेशांत बुदनी येथें केंद्र सरकारची शेतीयंत्रांची शिक्षण व परीक्षण संस्था १९५५ सालापासून आहे, तशाच हिसार आणि अनंतपूर जिल्ह्यांतील गार्लादिन्ने येथेंहि आहेत. पॉवर टिलरांच्या परीक्षणाचे अहवाल त्या प्रसिद्ध करतात, आणि त्यांत इंजिनाची मोजलेली शक्ति, इंधनाचा खर्च, हादरे, झीज या सर्वांचे आंकडे असतात. माहितीपत्रकांतील अश्वशक्ति आणि अहवालांतील अश्वशक्ति शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या कीं बराच भ्रम दूर होतो. सरकारी अनुदान घेणार असाल तर कोणतीं यंत्रें त्याला पात्र आहेत हें तालुक्याच्या कृषी कार्यालयांत आधीं विचारावें. आधीं खरेदी आणि मागून अर्ज, असें चालत नाहीं. दुसरें, सुट्या भागांची चौकशी. २०२० च्या जुलैंत केंद्र सरकारनें पॉवर टिलर आणि त्यांचे भाग यांच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हां केवळ बाहेरून आलेल्या मालावर चालणाऱ्या कित्येक यंत्रांच्या मालकांना सुट्या भागांची वाट पाहावी लागली. पातें, पट्टा, क्लचची तार आणि तेलाची जाळी हे चार जिन्नस आपल्या तालुक्याच्या गांवीं आज, या घटकेला, दुकानांत आहेत का, तें जाऊन पाहावें. "मागवून देतों" हें उत्तर ऐकलें कीं समजावें कीं तो भाग भात लावून झाल्यावर येणार.

भाऊबंदांनीं मिळून एक यंत्र घ्यावें ही सूचना ऐकावयास गोड लागते. तिची अडचण अशी कीं चिखलणी सगळ्यांची त्याच आठवड्यांत असते, आणि सामाईक यंत्राच्या तेलाची काळजी मात्र कोणाचीच नसते. त्यापेक्षां एकानें घ्यावें आणि इतरांनीं त्याला तासाचें भाडें द्यावें. वाद कमी होतात. आणि वर्षांतून दोन दिवसांचेंच काम असेल तर स्वतः यंत्र न घेतां भाड्यानेंच करून घ्यावें. वाचलेल्या पैशांत गवत कापण्याचें एक चांगलें हातयंत्र येतें. असा सल्ला दुकानदार देणार नाहीं, म्हणून तो मी येथें देतों.

खरेदी मे-जूनच्या गर्दींत न करतां भात कापून झाल्यावर, दिवाळीनंतर करावी. तेव्हां विक्रेत्याला दाखवावयास वेळ असतो, आणि नवशिक्याला पुढचे सहा महिने कोरड्या जमिनींत हात बसवण्यास मिळतात. पहिलें तेल कारखान्यानें सांगितलेल्या तासांवर न चुकतां बदलावें. नव्या इंजिनांतील धातूचा कीस त्याच तेलांत असतो. हवेची जाळी धुळीच्या दिवसांत रोज पाहावी. आणि पेट्रोलचें यंत्र असेल तर काम संपल्यावर टांकींत पेट्रोल ठेवून तें पडवींत उभें करूं नये. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें, तें हवेंतील ओल ओढून घेतें, आणि चार महिन्यांनीं वडील दोरी ओढून ओढून थकतात तरी इंजिन बोलत नाहीं. टांकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलें उरलेंसुरलें जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तें चालूं द्यावें. हें काम मुलानें गणपतीला घरीं गेल्यावर करावें. तोंवर लावणी आटोपलेली असते, आणि दहा मिनिटांहून अधिक वेळ त्याला लागत नाहीं.